बुटक्यांचा पाडवा

कल्पनेतले जग उभे करणाऱ्या लेखकाला राजा सुचतो, राजाची तलवार सुचते, तलवारीला नावही सुचते. डोंगर, नद्या, राक्षस, जादूगार हे तर न बोलावता येतात. पण त्या जगात आज तिथी कोणती, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. परीकथेतला चंद्र लेखकाच्या सोयीने उगवतो. नायिका खिडकीशी आली की पौर्णिमा, चोर भिंतीवर चढला की अमावस्या. मीही कादंबऱ्या लिहिल्या आहेत, आणि त्यांतला चंद्र काही फार शिस्तीचा नाही.

म्हणूनच जे. आर. आर. टोल्कीन या इंग्रज लेखकाविषयी मला पहिल्यापासून आदर आहे. त्यांनी आपल्या जगाला पंचांग दिले. एकच नव्हे, जातीजातींची वेगवेगळी दिली. त्यांतले सर्वांत जुने वाटणारे आणि सर्वांत थोडके सांगितलेले पंचांग आहे ते बुटक्यांचे. इंग्रजीत ज्यांना ड्वार्फ म्हणतात, ते डोंगराच्या पोटात राहणारे, खाणी खणणारे, घडीव कामात पटाईत असे दाढीवाले लोक. त्यांची कालगणना चांद्र. आणि गंमत अशी की, ज्या गोष्टीत ती आपल्याला प्रथम भेटते, त्या गोष्टीत ती करायची कशी हे खुद्द बुटकेच विसरून गेलेले आहेत.

ती गोष्ट म्हणजे १९३७ सालच्या सप्टेंबरात लंडनला प्रसिद्ध झालेली 'हॉबिट'. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बुटक्यांचा एक डोंगर होता, त्यात त्यांचे राज्य आणि अपार सोने होते. स्मॉग नावाच्या अजगरासारख्या उडत्या प्राण्याने ते बळकावले आणि बुटके देशोधडीला लागले. त्यांचा वारस थोरिन बारा सोबत्यांना आणि बिल्बो नावाच्या एका घरकोंबड्या हॉबिटाला घेऊन ते राज्य परत मिळवायला निघतो. जवळ आजोबांचा नकाशा आहे, एक किल्ली आहे. पण किल्ली कुठे लावायची हे ठाऊक नाही. डोंगराला एक चोरदार आहे एवढेच कळते. वाटेत रिव्हेंडेल नावाच्या दरीत एलरॉन्ड या ज्ञानी पुरुषाच्या घरी मुक्काम पडतो. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाची आदली संध्याकाळ असते. एलरॉन्ड नकाशा चंद्राकडे धरतो, आणि कागदावर जी अक्षरे आजवर कोणाला दिसली नव्हती ती चांदीसारखी चमकू लागतात.

ही चंद्राक्षरे. बुटक्यांनीच शोधलेली, चांदीच्या लेखणीने लिहायची. ती नुसत्या चांदण्यात दिसत नाहीत. ज्या ऋतूत आणि चंद्राची कोर ज्या आकाराची असताना ती लिहिली, तोच ऋतू आणि तशीच कोर पुन्हा यावी लागते. मजकुराचा भावार्थ असा, की कस्तूराच्या जातीचा पक्षी जेव्हा दगडावर टकटक करील तेव्हा करड्या शिळेपाशी उभे राहावे. ड्युरिनच्या दिवसाचा शेवटचा सूर्यकिरण कुलपाचे भोक दाखवील. ड्युरिन हा बुटक्यांचा मूळपुरुष. त्याचा दिवस कोणता, असे एलरॉन्ड विचारतो. थोरिन उत्तर देतो ते ऐकण्यासारखे आहे. शरद ऋतूतला शेवटचा चांद्रमास ज्या दिवशी सुरू होतो तो बुटक्यांचा वर्षारंभ. आणि त्या दिवशी सूर्य व चंद्र दोघे एकाच वेळी आकाशात दिसले तर त्याला ड्युरिनचा दिवस म्हणायचे. मात्र असा दिवस पुन्हा केव्हा येईल, हे ओळखण्याची विद्या आता आमच्यापाशी उरलेली नाही.

शाळेत शनिवारी शेवटच्या तासाला मी मुलांना ही गोष्ट सांगत असे. इथवर आलो की वर्ग गप्प होई. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, त्यांच्या भिंतीवर कालनिर्णय नव्हतं का?" सगळा वर्ग हसला. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेता आला नाही. नव्हते, हेच तर त्या लोकांचे दुःख आहे.

आता जरा बोटे मोडून पाहा. आपले ऋतू सहा आणि शरदाचे महिने दोन, आश्विन आणि कार्तिक. म्हणजे शरदातला शेवटचा चांद्रमास कार्तिक. त्याचा पहिला दिवस? कार्तिक शुद्ध प्रतिपदा. बलिप्रतिपदा. दिवाळीचा पाडवा! विक्रम संवताचे नवे वर्ष गुजरातेत आणि आपल्याकडच्या पेढीवाल्यांच्या वह्यांत ज्या दिवशी सुरू होते, तोच दिवस त्या बुटक्यांच्या नववर्षाचा. टोल्कीनसाहेबांच्या मनात आपली दिवाळी असण्याचा काही संभव दिसत नाही. इंग्लंडातला शरद काही आपल्या शरदाशी महिन्याला महिना जुळणारा नव्हे. तरी हा मेळ माझ्या ध्यानात आला त्या दिवशी मला, परगावी अनोळखी माणसाच्या तोंडून आपल्या गावचे नाव ऐकावे, तसे वाटले.

पण मुले हुशार असतात. एका मुलीने पुढे विचारले की, नववर्ष तर दरसाल येणार. मग ड्युरिनचा दिवस दरसाल का येऊ नये? याचे उत्तर आकाशात आहे. अमावस्येला चंद्र सूर्याच्या शेजारी असतो. तिथून तो पूर्वेकडे सरकू लागतो आणि दोघांत बारा अंशांचे अंतर पडले की प्रतिपदा संपते. तिथीची व्याख्याच ती. सात अंशांच्या आत कोर साध्या डोळ्यांना दिसत नाही, असे दांजाँ या फ्रेंच ज्योतिर्विदाने १९३०च्या दशकात दाखवून दिले. म्हणजे पाडव्याचा चंद्र आकाशात असतो पण बहुधा दिसत नाही. २०२५ साली अमावस्या २१ ऑक्टोबरला संध्याकाळी सहाच्या सुमारास संपली. दुसऱ्या दिवशी पाडव्याला सूर्यास्ताच्या वेळी चंद्राचे वय साधारण एका दिवसाचे होते. मी समुद्राकडे तोंड करून उभा राहिलो. मला कोर दिसली नाही. सूर्य मावळायच्या आत ती दिसणे तर त्याहून अवघड. त्याला हवा स्वच्छ हवी, डोंगराची उंची हवी, अमावस्या योग्य वेळी संपलेली हवी. एवढे सगळे जुळले तर ड्युरिनचा दिवस. नाहीतर नुसताच पाडवा.

हिशेबाचा नाद लागला की सुटत नाही. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी तोकडे. म्हणून आपण अधिक महिना धरतो. एकोणीस वर्षांत असे सात अधिक महिने आले की चंद्र आणि सूर्य यांचा हिशेब मिटतो, आणि त्याच तारखेला पुन्हा तशीच कोर दिसते. आता टोल्कीननी पुढे १९५५ साली दिलेली सनावळी पाहा. स्मॉगने डोंगर बळकावला ते वर्ष २७७०. एलरॉन्डने नकाशा चंद्राकडे धरला ते २९४१. मध्ये गेली १७१ वर्षे. म्हणजे बरोबर नऊ वेळा एकोणीस! आजोबांनी नकाशावरची ती अक्षरे हाकलले गेले त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लिहिली असे धरले, तर २९४१च्या त्या संध्याकाळी तीच कोर यायलाच हवी होती. 'हॉबिट' लिहिताना या सनावळ्या ठरलेल्याही नसाव्यात, तेव्हा हा योगायोगच म्हणायचा. पण हे गणित मी कागदावर मांडले त्या रात्री घरात सगळ्यांना उठवून सांगावेसे वाटले. सांगितले नाही. गणितासाठी झोपमोड केलेली माणसे क्षमा करीत नाहीत.

टोल्कीनना स्वतःला मात्र चंद्राने पुरेसे छळले. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही मोठी कथा लिहिताना त्यांची पात्रे वेगवेगळ्या वाटांनी पांगली. १९४४ सालच्या मे महिन्यात मुलाला लिहिलेल्या पत्रात ते चंद्राची तक्रार करतात. मुलगा क्रिस्टोफर तेव्हा विमानदलाच्या शिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता. कथेतला चंद्र भलतेच चाळे करीत होता, एका ठिकाणी उगवत होता त्याच वेळी दुसऱ्या ठिकाणी मावळत होता. मागची प्रकरणे दुरुस्त करण्यात अख्खी दुपार गेली. जगात महायुद्ध पेटलेले, मुलगा दूरदेशी, आणि बाप चंद्राच्या कला जुळवीत बसलेला. हे पत्र वाचल्यापासून माझ्या कादंबऱ्यांतल्या पौर्णिमा मी पंचांगात पाहून घेतो.

टोल्कीन ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते, आणि इंग्रजांचे स्वतःचे चांद्र पंचांग कसे बुडाले हे त्यांना कोणी सांगायला नको होते. आठव्या शतकात बीड नावाचा एक विद्वान मठवासी होऊन गेला. (आपल्या बीड जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही.) त्याने ७२५ साली कालगणनेवर ग्रंथ लिहिला आणि त्यात आपले पूर्वज ख्रिस्ती होण्यापूर्वी महिने कसे मोजीत ते नोंदवले. महिना चंद्रावरून, त्याचे नावही चंद्रावरून. आपल्या 'मास' शब्दातही चंद्रच आहे. उन्हाळ्यात 'लिथा' नावाचे दोन महिने येत, आणि गरज पडेल त्या वर्षी तिसरा लिथा घालीत. म्हणजे अधिक मासच की! ऑक्टोबरातल्या महिन्याला 'विंटरफिलेथ' म्हणत, कारण त्याच्या पौर्णिमेपासून हिवाळा धरीत. आपली कोजागरी साधारण त्याच सुमाराची. त्या एका प्रकरणापलीकडे या पंचांगाविषयी फारसे काही हाती लागत नाही. टोल्कीननी ही नावे उचलली आणि हॉबिटांना दिली, पण चंद्र वगळून. हॉबिटांचे महिने सरसकट तीस दिवसांचे, वरचे पाच दिवस सणांचे, आणि कोणतीही तारीख दरवर्षी त्याच वारी. सुखवस्तू लोकांचे सोयीस्कर पंचांग. त्यात वर पाहण्याची गरजच नाही.

बुटक्यांचे तसे नाही. त्यांची मोरियाची प्राचीन राजधानी सुटून जवळजवळ हजार वर्षे झालेली, मग हा डोंगरही गेला. थोरिनच्या लोकांनी परमुलखात लोहारकाम केले, कोळसा खणला. चंद्र मोजायला एका जागी बसावे लागते. रोज त्याच उंबऱ्यावरून त्याच डोंगराकडे पाहणारा, काल कोर कुठे होती हे सांगणारा कोणी म्हातारा लागतो, आणि ते ऐकून ठेवणारा पोरगा लागतो. बिऱ्हाड पाठीवर असले की पहिली जाते ती ही विद्या. अन्न, वस्त्र, हत्यार माणूस उचलून नेतो. क्षितिज उचलून नेता येत नाही.

१९५५ सालच्या एका पत्रात टोल्कीननी लिहिले आहे, की बुटक्यांचा विचार करताना आपल्याला ज्यू लोक आठवतात: राहतात तिथलेच झालेले आणि तरी तिथे परके. ज्यूंचे पंचांगही चांद्रच, आणि त्यांचा वर्षारंभही शरदातल्या नव्या चंद्राने होतो. पूर्वी जेरुसलेमात कोर पाहिलेले साक्षीदार न्यायसभेपुढे येत, साक्ष पटली की महिना सुरू झाल्याचे जाहीर होई आणि डोंगराडोंगरावर आगट्या पेटवून ती बातमी दूर पोचवीत. पुढे या आगट्यांत लबाडी होऊ लागली तेव्हा जासूद धाडू लागले. जासूद वेळेवर पोचेल याचा नेम नसे, म्हणून परदेशातले ज्यू सण दोन दोन दिवस पाळीत. आजही त्यांतले पुष्कळजण पाळतात. अखेर चौथ्या शतकात हिलेल दुसरा या धर्मप्रमुखाने गणिताचे नियम सर्वांना उघड करून दिले, असे परंपरा सांगते. त्यामुळे पांगलेल्या लोकांना जेरुसलेमच्या उंबऱ्यावाचून आपला सण सापडू लागला. थोरिनच्या लोकांत असा हिलेल झाला नाही.

आणि ज्यांच्यापर्यंत तो नियमही पोचला नाही, त्यांचे काय झाले? त्याचे उत्तर मला फार लांब शोधावे लागत नाही. मी अलिबागेकडचा. आमच्या अलिबागेत इस्रायल आळी आहे. किहीमजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून वाचलेली सात जोडपी हे बेने इस्रायलांचे पूर्वज, अशी त्यांची परंपरा. ग्रंथ समुद्रात गेले, भाषा गेली, घरात मराठी आली. तेल गाळण्याचा धंदा धरला. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावाने नाव ठेवले 'शनवार तेली'. वर्षारंभाला ते म्हणत 'नव्याचा सण'. मंदिराच्या नाशाचा शोकदिवस झाला 'बिरड्याचा सण', कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खायचे. खिरीचाही एक सण होता. या समाजाचा इतिहास हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी लिहिला, तो त्यांच्यामागे १९३७ साली छापला गेला. 'हॉबिट'चेच वर्ष! मला यातली एक बाब नेहमी मोठी वाटते. उत्तर हिंदुस्थानात महिना पौर्णिमेनंतर सुरू होतो. आपल्याकडे तो अमावस्येनंतर सुरू होतो, ज्यूंचाही तसाच. नव्याचा सण आणि आपली घटस्थापना पुष्कळदा शेजारी शेजारी येतात. २०२४ साली दोन्ही ३ ऑक्टोबरला होती. ज्यांचे ग्रंथ बुडाले त्यांचा महिना आणि शेजाऱ्यांचा महिना एकाच कोरीने उजाडत होता. १९४८ नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्रायलला गेले. आळी आहे, आळीचे नाव आहे, घरे मोजकी.

माझ्या आईला भाऊ नव्हता. भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळी. ज्या बाईला भाऊ नाही तिचा भाऊ चंद्र, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. पण त्यातली अडचण ज्या घरात हे होते त्यांनाच ठाऊक. बीजेची कोर सूर्यामागोमाग तासाभरात मावळते. आमच्या वाडीत पश्चिमेला माडांची दाटी. म्हणून संध्याकाळी आई ताम्हन घेऊन निघे, मी मागे तेलाची बाटली आणि काडेपेटी घेऊन. वाऱ्याने निरांजन विझे, ते पुन्हा लावायचे. तिन्हीसांजेला वाळूवर उभे राहायचे आणि लालसर आकाशात ती नखाएवढी कोर शोधायची. माझे डोळे कोवळे म्हणून मला ती आधी दिसे. मी बोट दाखवी, ती मान कलती करून पाही, आणि दिसली की "आला ग बाई" म्हणे. मग ओवाळणे. ओवाळणी अर्थातच मिळत नसे. परतताना ती अगदी भावाने विचारपूस केल्यासारखी बोलत बोलत येई.

एका वर्षी कार्तिकातही पाऊस रेंगाळला होता. समुद्रावर ढगांची भिंत. आम्ही अंधार पडेपर्यंत उभे राहिलो. मी म्हटले, "दिसत नाही, आई, चल." तिने पंचांगातली वेळ घरून पाहून ठेवली होती. ज्या बाजूला तो असायला हवा त्या बाजूला तिने ताम्हन फिरवले आणि म्हणाली, "आहे तो तिथेच." पुढे ती थकली, किनाऱ्यापर्यंत येईना, तेव्हा परसातून माडांकडे पाहून ती असेच ओवाळी.

थोरिनला हे म्हणता आले नसते. आज तो तिथेच आहे, असे सांगणारे कोणी त्याच्या बाजूला उरले नव्हते. डोंगराच्या पायरीवर बसून बुटके नुसते दिवस काढतात. भिंत ठोकतात, पहारींचे घाव घालतात. दगड बधत नाही. एकजण म्हणतो, उद्यापासून शरदाचा शेवटचा आठवडा लागेल. दुसरा म्हणतो, शरदानंतर हिवाळा. तिसरा म्हणतो, त्यानंतर पुढचे वर्ष. तीन वाक्यांत एका जातीचे पंचांग संपते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकाशाकडे पाहतो तो बिल्बो, ज्याच्या घरच्या पंचांगात चंद्राला जागा नाही तो. सूर्याचा नारिंगी गोळा खाली उतरतो आहे आणि क्षितिजावर फिकट, बारीक कोर आहे. तेवढ्यात मागे टकटक ऐकू येते. करड्या दगडावर एक काळाभोर पक्षी गोगलगाय आपटीत असतो. बिल्बो हाका मारतो, सगळे धावत येतात, उभे राहतात. सूर्य ढगात जातो. बुटके हाय खातात. चंद्रही खाली झुकू लागतो. आणि मग ढगाच्या फटीतून एकच तांबडा किरण बोटासारखा आत येऊन भिंतीवर टेकतो, दगडाची कपची उडते आणि कुलपाचे भोक दिसते. किल्ली थोरिनच्या गळ्यातच असते.

यापुढे सोन्याची गोष्ट सुरू होते. दार उघडल्याबरोबर आत कोणी जायचे याची चर्चा होते, थोरिन लांबलचक भाषण करतो, बिल्बोला पुढे धाडतात. नवे वर्ष लागले होते. कितीतरी पिढ्यांनी खुद्द आपल्या डोंगरावर, आपल्या मूळपुरुषाच्या नावाचा पाडवा उजाडला होता. तेरा बुटक्यांपैकी एकानेही दुसऱ्याला नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या नाहीत. मी ते प्रकरण या एका गोष्टीसाठी पुन्हा पुन्हा वाचून पाहिले. थोरिन पुढे लढाईत पडतो. तो त्याचा शेवटचा पाडवा होता.